बावडीची कच्ची भिंत

गढा, जबलपूर
२० फेब्रुवारी २००४

ती. कुंदाबाई यांस,
तुमची जाऊ इंदू हिचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. ह्यांची रिछाईच्या कारखान्यातली पाळी बदलली, त्यामुळे जेवणाच्या वेळांचा घोळ झाला आहे. तुमच्या लोणच्याच्या बरणीला अजून कोणी हात लावलेला नाही. तुम्ही गेल्यापासून नागपूरला ज्योतीकडे दोनदा फोन केला, तुम्ही फोनवर आला नाहीत, म्हणून लिहिते.

एक विचारायचं होतं. आपल्या गल्लीतल्या बुजलेल्या बावडीची कच्ची भिंत कोणती, पूर्वेची की उत्तरेची? विद्यापीठाची माणसं होळीनंतर ती उपसायला घेणार आहेत. पायऱ्या कुठे, झरा कुठे, ते गल्लीतल्या बायकांनी सांगावं आणि काम दोन्हीकडच्यांनी मिळून करावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कागदावर माहिती देणारी म्हणून माझं नाव आहे. मी कच्ची भिंत पूर्वेची सांगितली, म्हणून मजूर उत्तरेकडून उतरणार. आता रोज बावडीशी जाऊन उभी राहते आणि रोज वेगळंच आठवतं. भिंत कोणाच्या अंगावर आली तर?

माहीत नव्हतं तर सांगितलं काहून, असं तुम्ही म्हणाल. त्या बावडीचं पाणी तुम्ही भरलं, मी नाही. भांडी घासताना तुम्ही सांगायचात, मी अर्ध्या कानानं ऐकायची. त्या दिवशी आपल्या घरच्या मीटिंगमधे त्यांच्या सरांनी विचारलं, "दीदी, ये सब आपको मालूम है?" मी मान हलवली आणि तुमचं बोलणं माझं म्हणून सांगत सुटले. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही आत सगळ्यांचा चहा करत होतात. तुम्हाला सगळं ऐकू येत असणार.

काल त्यांच्यातली शैलजा आली. चेरीतालची, आपल्यातलीच पोरगी, पण मराठी बोलताना अडखळते. तिला सगळं सांगून टाकलं.

"मग मीटिंगमधे त्यांना काहून नाही बोलावलं, आंटी?"

मी म्हटलं, "नुसत्या मीटिंगला बायका येत नाहीत, म्हणून मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं."

"अच्छा. पण मीटिंग तर होती ना?"

भाऊजी गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला बसत नाहीत, एवढंच मी बोलले. तुम्ही बसत नाही की आम्ही बसवत नाही, ते मला तेव्हा कळेना आणि आत्ताही कळत नाही. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. लाज वाटते.

सरांनाही ते कळलं, होळीनंतरचं काम त्यांनी थांबवलं आहे. सर तुमचा पत्ता मागतात. तुम्हाला विचारल्याशिवाय तो देणार नाही. वर विचारलं खरं, पण भिंतीचं मला कळवू नका, बाई. सांगायचं असेल तर त्यांना सांगा, तुमच्या नावानं. नसेल सांगायचं तर तसं मी त्यांना कळवीन. बावडी बुजलेलीच राहिली तरी तुम्हाला कोणी बोल लावणार नाही, ते मी बघीन.

स्वतःला तुमची म्हणवायला आज कचरणारी,
इंदू