थोरलीच्या चरबीची बदनामी

चि. भाचीबाईंना मावशीचे अनेक आशीर्वाद,

शनिवार, चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या प्रबंधाच्या भाषणात, भरल्या सभागृहात तू माझ्या पोटाच्या चरबीची अब्रू घेतलीस. तू बरी असशीलच. मी नाही. तेव्हापासून बसले की उठते आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

‘चरबी सोडा’ असा निरोप घेऊन रक्तातून हार्मोन येतात आणि पेशींवरचे रिसेप्टर तो निरोप घेतात, हे तू छान समजावलंस. (माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत होते, तो तुझा दोष नाही.) पण मग दोन बहिणींच्या चरबीचे नमुने पडद्यावर लावून म्हणालीस, धाकटीकडे हा निरोप घेणारे भरपूर, थोरलीकडे मात्र ‘धरून ठेवा’ म्हणणाऱ्यांचंच राज्य! नावं घेतली नाहीस, उपकार झाले. पण तुझी आई माझ्याकडे बोट दाखवून हसली ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. आता रोज वरच्या मजल्यावरून उतरून माझ्या दारात विचारते, “काय गं ताई, आज तरी काही सोडलंस का?”

बाई गं, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासण्यात माझी नोकरी सरली. पडद्यावर नमुना एक आणि नमुना दोन एवढंच होतं. एक म्हणजे थोरली, हे तू घरच्या रिवाजाने धरलंस. पण आम्हा दोघींची पित्ताशयं एकाच सकाळी काढली (खडेसुद्धा तिने माझं पाहूनच केले), तेव्हाच तुझ्यासाठी चरबीचे नमुने घेतले, आणि मनाई असताना मी चहा घेतला म्हणून डॉक्टरांनी मला मागे ढकललं. आधी तुझी आई आत गेली. नमुने येतील तसे त्यांना आकडे पडतात, हे माझी संमतीची सही घेताना तूच सांगितलंस. मग ‘एक’ कोण? आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणत, चूक कबूल करायची ती पूर्ण वाक्यात. तशीच कर.

तुझी (सगळं सोडून देणारी)
मावशी

ता. क. : चूक निघाली तर तुझ्या प्रबंधात दुरुस्त कर, घरी चकार शब्द नको. ऑपरेशननंतर तुझी आई अंथरूण सोडायला तयार नव्हती. आता मला टोमणा मारायला जिना उतरते आणि हसत चढते. तिचा तो जिना मला मोडायचा नाही.

आणखी एक : मला एकटीला मात्र कळलंच पाहिजे. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. पाकिटावर ‘वीजबिल’ असं लिही. तुझी आई माझं सगळं टपाल फोडते, बिलं तेवढी सोडते.