पाच खाचांचा शॉकअप

शुक्र., १ मार्च २००२. गोरेगाव, जि. हिंगोली.
जुन्या स्कूटरवाल्यांनो! आपल्या गाड्या अजून धावतात, पण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. दुकानदार हसून सांगतो, "नवी घ्या." आपण काय भंगारात निघालो?
सभेची सवय. वहीतसुद्धा सुटत नाही.
झालं ते असं. हिंगोलीहून परतताना स्कूटरचा मागचा शॉकअप तुटला, खड्ड्याचा धक्का झेलणारी ती स्प्रिंग. बायको सुमन मागे बसलेली, सातवा महिना. एका हाताने पोट धरलेलं. गेल्या गरोदरपणात जीपमध्ये माणसांत कोंबून नेली होती, आणि ते लेकरू... नको. लिहीत नाही.
हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंची ताकीद: दर शुक्रवारी तपासणी आणि इंजेक्शन, चुकवायचं नाही. धक्काही लागू द्यायचा नाही. एसटीतही तीच कोंबाकोंबी. दोन्ही एकदम कसं जमवू?

सोम., ४ मार्च
आधी हिंगोली, मग वाशीम. भाग नाही. एका दुकानात मी असा बोललो की गिऱ्हाइकं गोळा झाली. मालक शांतपणे म्हणाला, "गुरुजी, भाषन लय भारी. पन माल न्हाई."

मंगळ., ५
स्टँडवरचे रशीदभाई मिस्त्री म्हणाले, "मोटारसायकलचा टाकू. बसवतो बराबर." मोटारसायकलला असे दोन असतात, आपल्या गाडीला एकच. शिवाय हा दोन बोटं लांब. खाली बोल्टभोवती बुश, म्हणजे लोखंडी नळी, घालायचा, वर पट्टी वेल्ड करायची. बघू. दुसरा मार्ग कुठे आहे?

बुध., ६
बसला. गाडीची पाठ वर उचलली गेली, स्टँड जमिनीला टेकेना. खाली लाकडी ठोकळा ठेवायचा. चालेल. स्प्रिंगखाली पाच खाचांचं कडं आहे. ते फिरवलं की स्प्रिंग कडक होते किंवा नरम.
रशीदभाई म्हणाले, "वयनीला आना. बसवून बगू."
"बाईमाणसाला गॅरेजवर कशाला उभं करता? पोतं बांधू." स्प्रिंगची परीक्षा ओझ्याने होते, हे मी वाचलेलं आहे.
ज्वारीचं पोतं बांधलं. पहिल्या खाचेवर गाडी खाली आपटली. पाचव्या खाचेवर झोक्यासारखी चालली. पाचवी पक्की केली.

शुक्र., ८
पोतं क्विंटलभर. सुमन पन्नास किलोसुद्धा नाही. तिच्या वजनाने स्प्रिंग हललीच नाही. प्रत्येक खड्डा थेट तिच्या कमरेत. मी पुढे हँडल धरून, मला काय कळणार? दोनदा विचारलं, "बरं आहे ना?" दोनदा उत्तर, "चालू द्या." मग एकदम, "थांबवा."
पोट दगडासारखं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसली. घाम. मी नुसता उभा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके आहेत. पण असं पुन्हा आणलंत तर मी काही सांगू शकत नाही."
परतताना ओळखीच्या एकाच्या मोटारीत तिला जागा मिळाली. ती मोटार नांदेडची. दर शुक्रवारी कुठून येणार?
दुपारी महिला दिनाचं माझं भाषण होतं. विषय, घरातल्या निर्णयात स्त्रीचा वाटा. गेलो नाही.

शनि., ९
सुमन पडून आहे. पाणी दिलं. ग्लास हातात तसाच धरून म्हणाली,
"पोतं बसवून बगितलं म्हनं?"
"हो."
"मग इचारलं का त्याला, बरं वाटून राहिलं का म्हून?"
मी ग्लास घ्यायला हात पुढे केला.
"मी काय लांब होते? गल्ली वलांडली की गॅरेज."

सोम., ११
रशीदभाईंच्या हातात चावी दिली, मी मागे बसलो. पाचवी खाच तशीच. हिंगोली रस्ता.
मागच्याला रस्ता दिसत नाही. समोर फक्त पाठ. खड्डा कधी येणार ते पुढच्याला ठाऊक, म्हणून त्याचं अंग आधीच सावध होतं. मागचा बेसावध.
"गुरुजी, आज गप काहून?"
जीभ चावली गेली होती. हा रस्ता तिने सात महिन्यांचा जीव पोटात घेऊन...

बुध., १३
सुमन स्वतः गॅरेजवर आली. चहाच्या टपरीवरचे बघत राहिले. बघू देत.
तिसरी खाच. "न्हाई."
पहिली. "खाली टेकून राहिली."
दुसरी. गावाबाहेर जाऊन आलो, चालत्या माणसाच्या वेगाने. "हे बरंय." मग मला, "खड्डा आला की आधी सांगत जा. तुमाला एवढं बोलता येतं, तेवढं एक बोला."
रशीदभाई पाना टाकून हसत सुटले.
मला हसू येईना. बरंय म्हणाली ती दोन फर्लांगांवर. हिंगोली कुठे!

शुक्र., १५. सकाळ.
पहाटे पोट पुन्हा कडक झालं. थोडा वेळ. उतरलं. जायचं की नाही? या वेळी ठरवलं नाही, विचारलं.
"इंजेक्शन चुकवायचं न्हाई. चला."
ठोकळा काढायचा आहे. ती पदर खोचून दारात उभी. "काय लिवून राहिले आता?"
स्कूटरवाल्यांनो, सुटा भाग मिळेल, न मिळेल. आज एवढंच करा. चावी दुसऱ्याच्या हातात द्या, आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसा, आणि गावाबाहेरचा पहिला खड्डा ओलांडून या.