पंचेचाळीस नंबरचा पत्ता

कोरगाव, पेडणे
दि. १८ मे २००३

चि. श्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तिकडे मस्कतला ऊन कडक असेल, जप. इथे सगळी बरी आहेत. काजू यंदा उशिरा धरले, बाबा अजून बोंडू वेचायला माणसं शोधतायत. लईराईच्या जत्रेला शिरगावला गेले होते. आत्याने तुझ्या नावाने मोगऱ्याच्या कळ्या वाहिल्या. मी गप्प का, असं तिने दोनदा विचारलं. डोकं दुखतंय म्हटलं.

एप्रिलच्या अखेरीस तुयेच्या औषध कारखान्यातून मला बोलावणं आलं. ज्यांनी मला ऑगस्टमध्ये काढलं, त्यांचंच. माझ्या जागी आलेले जयराम सावंत भले गृहस्थ, पण माउसशिवाय त्यांचं चालत नाही, आणि संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा आपला डीएचसीपी सर्व्हर म्हणजे नुसता काळा पडदा आणि कमांड. पॅकिंगला चाळीस नवे संगणक आले होते, एकालाही नेटवर्कचा पत्ता मिळेना. मला जायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "काम येता म्हणून आपयतात. वच." बोलावतात ते काम येतं म्हणूनच, हे त्यांचं खरं होतं.

गेले. पत्त्यांची मर्यादा अपुरी पडत होती, ती वाढवली. मग एकेका संगणकाच्या कार्डाचा क्रमांक टाइप करून त्यासमोर त्याचा ठरावीक पत्ता नोंदवायचा होता. त्याआधी, तुला शिकवलं होतं तसं, फाइलची प्रत ठेवायला गेले, नावात तारीख आणि वेळ घालून. तिथे तू ठेवलेल्या जुन्या प्रती तशाच होत्या.

उघडायला नको होत्या, असं कधी कधी वाटतं.

१४ ऑगस्टच्या दोन आहेत. पहिली तीन वाजून पाच मिनिटांची. तिच्यात पंचेचाळीस नंबरचा पत्ता माझ्या संगणकाचा आहे. दुसरी पावणेचारची. तिच्यात त्याच पत्त्यासमोर लॅबच्या प्रमुखांच्या संगणकाचा क्रमांक आहे. चाळीस मिनिटं त्यांचा संगणक माझ्या पत्त्यावर चालला, मग तू सगळं पूर्ववत केलंस. नापास झालेल्या औषधाचा अहवाल त्याच वेळात पास झाला, पंचेचाळीस नंबरवरून. म्हणजे माझ्याकडून, आणि त्यावरूनच मला काढलं.

त्या दुपारी तू म्हणालास, "अक्का, गेटार आमच्या आवयचो फोन आयला तुका." आत्याचा फोन म्हणून मी गेटकडे धावत गेले. फोन नव्हता. परतले तर माझा संगणक बंद. वीज गेली होती म्हणालास. मी मानलं. माझा पत्ता मोकळा करायला तूच तो बंद केला होतास.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. चौकशीत मला एकच प्रश्न तीनदा विचारला, सर्व्हरचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे? मी तिन्ही वेळा म्हटलं, कोणाकडेच नाही. तुझी नोकरी नवी, मीच लावून दिलेली, आणि आत्याचं घर तुझ्यावर. तू दाराबाहेर उभा होतास. मी बाहेर आले तेव्हा तू मला पाणी दिलंस. ते कसं दिलंस, मला अजून कळत नाही.

तरी जत्रेपर्यंत मी त्या प्रती घरीच ठेवल्या होत्या. तुला कोणी धमकावलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत होते. आत्यानेच जेवताना कौतुकाने सांगितलं, की मस्कतच्या जागेची शिफारस लॅबच्या प्रमुखांनी केली, आणि ती तुला जुलैतच कबूल केली होती. म्हणजे त्या दुपारच्या आधीच.

गुरुवारी दोन्ही प्रती आणि माझ्या सहीचा जबाब मोठ्या साहेबांना दिला. पासवर्ड तुला मी दिला होता आणि चौकशीत खोटं बोलले, हेही लिहिलं. लॅबच्या प्रमुखांना त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. ते औषध कुठे कुठे गेलं त्याचा शोध चालू आहे. तुझ्या मस्कतच्या कंपनीला पत्र जाणार आहे. मला परत घेतील की नाही, ठरायचं आहे. मी खोटं बोलले ते त्यांनी सोडून दिलेलं नाही, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही.

आत्याला मी काही बोललेले नाही. ते तू सांगायचं. फोनवर नको, येऊन तिच्यासमोर बसून सांग. तू जे सांगशील ते ती खरं मानेल. म्हणूनच सांगते, तिला खोटं सांगितलंस तर या वेळी मी गप्प बसणार नाही.

आत्यासाठी अजून तुझी बहीण म्हणवणारी,
पद्मावती