नऊच्या जागी तीन

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर मी दोन वाक्यांत आटोपतो म्हणून तू पत्राची शिक्षा ठोठावलीस, ती भोगतो आहे. बातमी अशी की तुझ्या भावाला विज्ञानाने मागणी घातली आहे. आतड्याच्या या क्रोन्स नावाच्या जुन्या दुखण्यावर अँटीबॉडीचं नवं इंजेक्शन आलंय. आशियातल्या आपल्यासारख्यांवर ते कितपत चालतं हे अजून नीट पाहिलेलं नाही, म्हणून आमची भरती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कुणाला काय ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. बारा आठवड्यांत ज्यांना गुण येणार नाही, त्यांना मात्र पुढे खरं औषध नक्की.

माझा नववा आठवडा चालू आहे. शौचाला किती वेळा, पोट किती दुखलं, हे रोज डायरीत लिहायचं. डॉक्टरीणबाई फार आपुलकीच्या. माझी डायरी वाचून त्यांचा चेहरा खुलतो. शिवणाचं दुकान जोरात आहे, काळजी नसावी.

लोभ आहे तेवढा पुरे, उपदेश नको.
तुझा,
गुंड्या

१० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. ह्यांनी काय लिहिलं असेल ते मला न वाचता कळतं. काल एका कोटाचं माप घेता घेता तीनदा उठून गेले. स्वतःच्या विजारींची कंबर दोनदा आत घेतली आहे, विचारलं तर म्हणाले नवी फॅशन. आणि टेबल पुसताना डायरी उघडी दिसली. नऊच्या जागी तीन लिहितात, पोटदुखीपुढे शून्य. म्हणे बाई इतक्या मायेने विचारतात, त्यांचा हिरमोड कशाला करायचा.

मला रडू आलं, तर उठून दुकानात गेले. बारा आठवडे भरायला पंधरा दिवस उरलेत. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत, म्हणून लिहिलं.

आमच्यावर माया असू द्या.
तुमची भावजय

१४ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद सवयीने लिहिला, खरं तर कान पिळायला हवा. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. उत्तर आधी ठरवून आकडे भरणारी पोरं माझ्याही वर्गात होती, पण त्यांचं आतडं पणाला लागलेलं नव्हतं. अरे, तुला पाणीच मिळत असेल तर? गुण आल्याचं तूच लिहून देतोस, म्हणजे पुढेही पाणीच टोचून घेशील. आणि मिळतंय ते औषधच असेल, तर तुझ्या तीनवर विसंबून ते आणखी कितीजणांच्या गळ्यात मारतील. गिऱ्हाइकाला वाईट वाटेल म्हणून तू पोटाचं माप कमी लिहितोस का?

तू पहिल्यांदा दुखतंय म्हणालास तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून तू सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगत आलास, हे मला कळतं. पण डॉक्टरीणबाई तुझी आई नव्हे. त्यांनी चाचणीतून काढलं तरी चालेल, जाऊन खरं सांग. मला भीती वाटते आहे.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गेलो आणि सगळं ओकलो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, मग त्यांनी कागद पुढे ओढला. जुनी पानं खोडता येत नाहीत, ती खोटी आहेत असा शेरा माझ्या सहीने जोडला. मला ठेवायचं की काढायचं ते वरची मंडळी ठरवणार होती. त्या दहा दिवसांत मी दोन कोटांच्या बाह्या उलट्या लावल्या.

शेवटी दुर्बिणीने आतडं तपासलं. व्रण जसेच्या तसे. दुर्बिणीला काही कुणाचं मन राखायचं नसतं. म्हणून ठेवलं मला, आणि काल खरं औषध टोचलं. ते चालेल की नाही हे कुणालाच माहीत नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं. आठ वेळा, पोट फार दुखतंय आणि मला भीती वाटते, असं सांगून टाकलं. ती रडली. ह्या वेळी मी उठून गेलो नाही, तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने तीच माझी समजूत काढायला लागली.

तुझा लोभ रागासकट हवा आहे.
तुझा,
गुंड्या