कंदोऱ्यासह मोजलेली हाडे

चि. जिनेश यास,

धुळ्याच्या तपासणीत आईच्या मणक्यांची घनता उत्तम निघाली होती. तरीही नुसती बादली उचलताना मणका मोडला, हे मला पटेना. तुझ्या पत्नीने, रुचीने, तिला ढकलले असावे असा माझा संशय होता.

काल जळगावला फेरतपासणी केली. हाडे ठिसूळच आहेत. जुने चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "कमरेवर धातू होता. यंत्राने तो हाडातच धरला."

तो आईने साडीखाली लपवलेला चांदीचा कंदोरा.

"धुळ्याला सोबत रुची होती. काढून तिच्याकडे दिला असता, तर परत मिळाला असता का रे?" आई म्हणाली.

काल तपासणीआधी आईने तो माझ्याकडे दिला; परत घेताना हातावर तोलून पाहिला.

रुचीला निर्दोष ठरवणारे हे पत्र मी पाठवत नाही. तुझ्याआधी तीच उघडून वाचेल.

तुझा मोठा भाऊ,
पारस