नुसती फॉर्मॅलिटी

आबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण माझा राग अजून गेलेला नाही. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मला जेवायला म्हणून माहेरी, माण गावाला बोलावलंत. मी लवळ्याहून, सासरहून, तान्ह्या लेकीला घेऊन आले, तर अंगणातूनच गाडीत बसवलंत. पौडच्या रजिस्टर ऑफिसात दादा कागद घेऊन उभाच होता. "कसली सही?" मी विचारलं. "फॉर्मॅलिटी हाय गं नुसती. समद्याच पोरी देत्यात," तुम्ही म्हणालात. जमीन घ्यायला येणाऱ्या माणसांकडून तुम्ही तो शब्द उचलला होता. शाळेत मी त्याचा अर्थ औपचारिकता असा पाठ केला होता. केली काय, न केली काय, फरक पडत नाही अशी गोष्ट. मग माझ्या सहीवाचून तुमचं काम का अडलं होतं, आबा? सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. जमिनीवरचा माझा हक्क गेला. जेवण राहूनच गेलं. येताना मला लवळ्याच्या फाट्यावर उतरवलंत.

आता मी लवळ्यातल्याच एका कॉलेजच्या हॉस्टेलात काम करते. पोरी रजिस्टर पुढे ओढतात, "काकू, फॉर्मॅलिटीच आहे ना?" म्हणतात आणि न वाचता सही ठोकतात. मी अंगावर ओरडते. त्यांना वाटतं, बाई खडूस आहे.

गेल्या महिन्यात लेकीला हिंजवडीत नोकरी लागली. आपल्या उरलेल्या तुकड्यावर दादाने चार मजले चढवलेत, खोल्या भाड्याने देतो. तिच्यासाठी एक मागायला गेले. "देतो की," तो म्हणाला, "पर अकरा महिन्यांचा करार करू. फॉर्मॅलिटी हाय नुसती." सख्ख्या भाचीशी करार! आणि आवाज हुबेहूब तुमचा. मी चहाला हात न लावता उठले. लेक दुसरीकडे राहते.

तुम्ही मला फसवलंत, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. रजिस्टर ऑफिसातल्या बाकावर बसल्या बसल्या मी तो कागद वाचला होता. वर ठळक अक्षरांत हक्कसोडपत्र लिहिलेलं होतं. तरी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले, एकदा तरी खरं बोलाल म्हणून. तुम्ही पेन पुढे केलंत. आणि नाही म्हटलं तर माहेर तुटेल, या भीतीने मी पेन घेतलं.

लेकीला वाटतं, आईला तेव्हा ती 'फॉर्मॅलिटी' कसली ते कळलं नव्हतं. मी तिला तसंच वाटू देते. म्हणून हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही.