जांभूळबियांचे लाडू

जठारपेठ, अकोला

सुंदराताई, सप्रेम जय भीम.

तुहा लाडवांचा डबा पोचला. साऱ्या तेल्हारा गावाले तू सांगून राहिली का, माह्या जांभूळबियांनी सुगतची साखर उतरली, डॉक्टरची गोळी काय करते! फोनवर मी हो म्हणतो. कागदावर तरी खरं बोलू दे.

साखर काठावर आली तवा डॉक्टरनं गोळी लिहून देली. तू म्हटलं, गोळीचा नाद सोड, बियांचं चूर्ण घे. मी दोन्ही घेतलं. तरी साखर चढूनच राहिली. डॉक्टर चक्रावला. शेवटी मी चूर्णाचं सांगतलं, तवा त्यानं विचारलं, "हे चूर्ण घेता कशात?"

मी म्हटलं, "चूर्ण नाही जी, लाडू हायेत. गुळाचे. रोज दोन."

त्यानं कपाळावर हातच मारला.

तवापासून गोळी, ज्वारीची भाकर अन् मोर्णा नदीच्या काठानं पायी फिरणं. साखर उतरली. तुह्या बिया खरंच काही करतात का, हे तुह्या गुळानं कळूच देलं नाही.

पण राग नाही, ताई. लहानपणी मी कडू औषध थुंकायचो, म्हणून तू त्याले गूळ लावायची. माही साखर किती, हे डॉक्टरले ठाऊक हाये. मले कडू चालत नाही, हे माय गेल्यावर फक्त तुलेच ठाऊक हाये.

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. लाडू पाठवत राय. बाकीचे लाडू गल्लीतले लोकं संपवतात. डब्यातला मी एकच खातो, अन् त्या दिवशी पुलापर्यंत दोनदा चालतो.

तुहा कडूले भेणारा भाऊ,
सुगत